व्हिजन घेतलं का? डोळ्यांच्या ओपीडीतून तुमच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात मी डोळ्यांच्या ओपीडीतल्या कामाबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, आपलं जुळे सोलापूर, सगळीकडून प्रश्न आले. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, ऑफ्थॅल्मिक टेक्निशियन आहे. एकवीस वर्षं सोलापुरात डोळ्यांच्याच ओपीडीत आहे. त्यामुळे कुणाच्या डोळ्याला काय झालंय हे मी इथून सांगणार नाही, पण आमच्या खोलीत काय चालतं, का चालतं, ते मनापासून सांगते.

ताई, मी बारावी सायन्स झालेय. नीटला मार्क कमी पडले. ऑफ्थॅल्मिक टेक्निशियनचा कोर्स करावा असं मनात आहे पण घरचे म्हणतात, दवाखान्यात ड्रॉप टाकायचं काम शिकून काय होणार? — बार्शीची एक वाचक

अगं, आधी त्या ड्रॉपचंच सांगते. बाहुली मोठी करायचा ड्रॉप टाकायच्या आधी मला पेशंटला विचारावं लागतं की बीपी आहे का, हार्टचा त्रास आहे का, कारण त्यातल्या एका औषधानं बीपी वाढू शकतं. मग टॉर्च कानाच्या बाजूनं आडवी धरून बघायचं की बुबुळाच्या मागची जागा खोल आहे की उथळ. उजेड पार नाकाकडच्या बाजूपर्यंत पोचला तर ठीक, तिकडं सावली पडली तर हात थांबवायचा आणि डॉक्टरांना विचारायचं, कारण अशा डोळ्यात बाहुली मोठी केली तर डोळ्याचं प्रेशर एकदम चढू शकतं आणि पेशंट रात्री डोकं धरून, उलट्या करत परत येतो. एवढं झाल्यावर खालची पापणी ओढून जो छोटा खिसा होतो त्यात एक थेंब, बाटलीचं टोक पापणीला न लावता. बघणाऱ्याला फक्त शेवटचा थेंब दिसतो गं.

आणि ते दिवसभरातलं एक काम झालं. सकाळी साडेनऊला नंबर सुरू होतात. आलेल्या माणसाला काय त्रास, कधीपासून, शुगर आहे का, आधी ऑपरेशन झालंय का हे विचारायचं, जुन्या चष्म्याचा नंबर मशीनवर काढायचा, व्हिजन घ्यायचं म्हणजे तक्ता वाचायला लावून नजर मोजायची, ऑटोरेफ म्हणजे मशीनवर चष्म्याच्या नंबरचा अंदाज काढायचा, टेन्शन घ्यायचं. टेन्शन म्हणजे डोळ्याच्या आतलं प्रेशर, आमच्यात सगळे असंच म्हणतात, साधारण १० ते २१ मध्ये असावं लागतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की लेन्सचा नंबर काढायला के रीडिंग म्हणजे बुबुळाच्या गोलाईचं माप आणि ए-स्कॅन म्हणजे डोळ्याच्या लांबीचं माप, अश्रूची नळी उघडी आहे का बघायला सिरिंजिंग, काचबिंदूवाल्यांची फील्ड टेस्ट म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं ते बघायची तपासणी, पडद्याचा ओसीटी म्हणजे स्कॅन. डॉक्टर पेशंटकडं वळायच्या आधी माझ्या कागदाकडं बघतात, आणि त्यावर काही राहिलं असेल तर पहिला प्रश्न ठरलेला, "व्हिजन घेतलं का?"

शिकायचं म्हणशील तर बारावी सायन्सनंतर डिप्लोमा आहे, बी.ऑप्टोम ही डिग्री आहे ज्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं असतं, आणि सरकारी दवाखान्यात नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून जागा निघतात त्यांची पात्रता जाहिरातीत नीट वाचायची. घरची परिस्थिती असेल तर डिग्रीच कर असं माझं मत, पुढं वाट मोकळी राहते. २०२१ साली या सगळ्या कामांसाठी केंद्राचा कायदा झालाय, डॉक्टर, डेंटिस्ट, नर्स आणि फार्मासिस्ट सोडून जे आरोग्यसेवेत असतात त्यांच्या शिक्षणाला आणि नोंदणीला शिस्त लावणारा, त्यामुळे मान्यता नसलेल्या कोर्सला पैसे भरून बसू नकोस. ॲडमिशन घ्यायच्या आधी कॉलेजमध्ये एकच गोष्ट खोदून विचार, प्रॅक्टिकल कुठल्या दवाखान्यात आणि रोज किती पेशंट माझ्या स्वतःच्या हाताखालून जाणार. भिंतीवरचे फोटो बघून भुलू नकोस.

घरच्यांना एक उदाहरण सांग. मदुराईला अरविंद नेत्र रुग्णालय आहे, डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ साली ११ खाटांवर सुरू केलेलं. तिथं आसपासच्या खेड्यातल्या बारावी झालेल्या मुलींना घेऊन दोन वर्षं शिकवतात आणि त्या दवाखान्याचं निम्म्याहून जास्त काम त्या मुली सांभाळतात, म्हणून तिथले सर्जन एका दिवसात एवढी ऑपरेशन करू शकतात. हे काम हलकं असतं तर ते झालं असतं का?

ताई, मी आठ महिने झाले एका क्लिनिकमध्ये टेक्निशियन आहे. रोज ऐंशी-नव्वद पेशंट, आतून सर म्हणतात पाठवा पाठवा. मग कधी कधी मी फॉलोअपच्या पेशंटचं जुन्या कागदावरचं व्हिजनच परत लिहिते. चुकतंय का माझं? — नाव छापू नका

हो, चुकतंय. रागावत नाही तुझ्यावर, तू विचारलंस हेच मोठं आहे, पण आजपासून ते बंद कर. मी का एवढं ठासून सांगतेय ते ऐक.

माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष होतं. गिरणीत आयुष्य काढलेले एक आजोबा आले होते, साठीच्या पुढचे, पांढरी टोपी, धोतर. तक्रार काय तर डोळ्यातनं पाणी येतं आणि चष्म्याचा नंबर बघा. बाहेर बाकड्यावर जागा नव्हती एवढी गर्दी. मी त्यांना म्हटलं आजोबा, डावा डोळा झाका, आणि त्यांनी हात ठेवला डोळ्यावर, बोटं फाकलेली. मी तक्त्याकडं आणि कागदाकडं बघत होते, त्यांच्याकडं नाही. ते भराभर वाचत गेले, मी उजव्या डोळ्यापुढं ६/१२, म्हणजे बऱ्यापैकी दिसतंय, असं लिहिलं, घाई म्हणून टेन्शनही घेतलं नाही, चष्मा मिळाला, आजोबा गेले. चार महिन्यांनी आले ते मुलाचा हात धरून. "बाई, एका डोळ्यानं काईच दिसंना बगा." यावेळी डावा डोळा मी माझ्या तळहातानं झाकला. माझी बोटं त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर होती आणि त्यांना ती मोजता येईनात, फक्त हात हलतोय एवढं कळत होतं. काचबिंदू. डोळ्याच्या प्रेशरनं नस पार सुकलेली. डॉक्टर म्हणाले हे चार महिन्यांतलं नाही, जुनं आहे. म्हणजे मी ६/१२ लिहिलं त्या दिवशीही तो डोळा गेलेलाच असणार आणि आजोबा बोटांच्या फटीतून चांगल्या डोळ्यानं वाचत होते, त्यांना वाईट हेतू नव्हता, तक्ता वाचायचाय एवढंच त्यांना कळलं होतं. उजवा डोळा तेव्हाही वाचला नसता कदाचित. पण डाव्यातही प्रेशर वाढायला लागलं होतं आणि त्याचं औषध चार महिने आधी सुरू झालं असतं. ते चार महिने माझ्या एका आकड्यानं गेले. आजोबा मला काही बोलले नाहीत, उलट जाताना म्हणाले, बाई तुम्ही जेवल्या का. अजून आठवतं.

तेव्हापासून मी कशी करते ते सांगते, तुला पटेल ते घे. डोळा मीच झाकते, ऑक्लुडरनं म्हणजे झाकायच्या चकतीनं, नाहीतर तळहातानं, बोटांनी नाही, आणि दाबायचा नाही, दाबला तर तो डोळा नंतर दोन मिनिटं धूसर बघतो आणि तुझं पुढचं रीडिंगही बिघडतं. आधी उजवा मग डावा, रोज, प्रत्येकाचा, म्हणजे लिहिताना अदलाबदल होत नाही. तक्ता मला पाठ आहे तेव्हा मी तक्त्याकडं बघतच नाही, माणसाच्या तोंडाकडं बघते. मान तिरकी करतोय का, डोळा बारीक करून बघतोय का, खुर्चीतून पुढं सरकतोय का, हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर असतं. शाळेतली मुलं आणि लायसन्सवाले ओळी पाठ करून येतात, त्यांना उलटं वाचायला सांगायचं, शेवटच्या अक्षराकडून. अक्षरओळख नसेल त्यांना ई-चा तक्ता, बोटांनी दाखवा पाय कुठल्या बाजूला आहेत. आणि "नाई दिसत" म्हणाले की लगेच सोडायचं नाही, एकदा म्हणायचं, चुकलं तरी चालतंय, अंदाजानं सांगा. पुष्कळ जण पुढची आख्खी ओळ वाचतात, त्यांना फक्त चुकायची भीती असते.

कमी आलं की पिनहोल लाव, हे कधी चुकवू नकोस. बारीक भोकातून बघितल्यावर दोन-तीन ओळी जास्त वाचल्या तर बहुतेक नंबरचा प्रश्न आहे. काहीच फरक नाही पडला तर मोतीबिंदू, पडदा, नस, बुबुळ, असलं काहीतरी आत आहे आणि मग तो कागद डॉक्टरांपुढं ठेवताना तोंडानंही सांगायचं. एका काळ्या प्लास्टिकच्या चकतीवर तुला एवढी मोठी बातमी कळते.

आकड्याचा अर्थ पेशंटलाही सांगत जा. ६/६० म्हणजे निरोगी डोळा जे अक्षर ६० मीटरवरून वाचतो ते याला ६ मीटरवर आल्यावर दिसतं. स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरांनी १८६२ साली हा तक्ता काढला आणि आज ओसीटी आला, लेसर आलं, तरी त्याच तक्त्यापासून सुरुवात होते. त्याच्याही खाली गेलं तर बोटं मोजायला लावायची आणि किती अंतरावर मोजली ते लिहायचं, मग हात हलताना दिसतो का, मग टॉर्चचा उजेड कळतो का आणि चार बाजूंपैकी कुठून येतोय ते कळतं का. पिकलेला मोतीबिंदू असेल तर हे उजेडाचं उत्तर फार महत्त्वाचं, कारण मागचा पडदा दिसतच नसतो आणि ऑपरेशन करून नजर येईल का याचा पहिला अंदाज तिथून येतो. "थोडं कमी दिसतं" असलं काही कागदावर लिहायचं नाही.

ए-स्कॅन तू करतेस का ते लिहिलं नाहीस, पण करत असशील तर तिथंही हेच. प्रोब बुबुळावर दाबला की डोळा दबतो आणि लांबी कमी भरते. एक मिलिमीटर चुकलं तर चष्म्याचा नंबर साधारण अडीच-तीननं चुकतो. म्हातारी बाई पैसे साठवून ऑपरेशन करते आणि पट्टी काढल्यावर लांबचं धूसर, हे तुझ्या बोटाच्या दाबामुळं होऊ शकतं. हॅरोल्ड रिडले यांनी १९४९ साली लंडनमध्ये पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात लेन्स बसवली तेव्हा त्या पेशंटला नंतर केवढा तरी मोठा मायनस नंबर राहिला होता, त्या काळी मोजायची सोयच नव्हती. आपल्याकडं सोय आहे. चार रीडिंग सारखी आल्याशिवाय थांबू नकोस, दोन्ही डोळ्यांची लांबी शेजारी ठेवून बघ, फरक जास्त वाटला तर परत कर, आणि कुठला डोळा, कुणाचं नाव, हे मोठ्यानं बोलून लिही.

आणि सरांचं. सर ओरडतात म्हणजे त्यांना पेशंट लवकर हवेत, चुकीचे कागद नकोत. दार ढकलून एवढंच सांगायचं, सर, यांचं डाव्याचं व्हिजन मागच्या वेळेपेक्षा कमी आलंय, परत बघते, दोन मिनिटं द्या. मला एकवीस वर्षांत या वाक्यावर कुणी नाही म्हटलेलं नाही.

मॅडम, मला शुगर आहे. वर्षातून एकदा पडदा तपासायला येतो तर दर वेळी दोन-दोन तास बसवून ठेवता, तीन-तीनदा ड्रॉप टाकता आणि वरून सांगता गाडी चालवू नका. सरळ मशीनमधून बघता येत नाही का? — जुळे सोलापूर, वय ५२

तुमची चिडचिड समजते काका, बाकड्यावर डोळे मिटून बसणं सोपं नाही. पण पडदा डोळ्याच्या अगदी मागं असतो आणि बाहुली म्हणजे खिडकी. शुगरमुळं जे रक्ताचे बारीक ठिपके येतात ते कडेच्या भागातही असू शकतात, अर्ध्या उघड्या खिडकीतून कोपरे दिसत नाहीत. नॉर्मल माणसाची बाहुली वीस-तीस मिनिटांत मोठी होते, बरीच वर्षं शुगर असलेल्यांची हट्टी असते, उघडायला वेळ घेते, म्हणून परत परत थेंब. मशीननं फोटो निघतात, पण डॉक्टर स्वतः बघतात त्याची जागा फोटो घेत नाही.

चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात सात रस्त्याच्या सिग्नलला त्या डोळ्यांनी टू-व्हीलरवर थांबून बघा म्हणजे कळेल मी का ओरडते. मुलाला घेऊन या, किंवा रिक्षानं या, काळा चष्मा आणा. आणि तुम्ही दर वर्षी येता ना, येत राहा. शुगरवाल्यांचा पडदा खराब व्हायला लागतो तेव्हा दुखत नाही, खुपत नाही, दिसतंही बऱ्यापैकी. नजर कमी झाली म्हणून जे पहिल्यांदा येतात त्यांचं बरंच आधी बिघडलेलं असतं.

ताई, माझी आई विड्या वळते. वय ४४. हल्ली डोकं दुखतं म्हणते आणि विडीला दोरा गुंडाळताना पान हात लांब करून धरते. शेजारच्या मावशींचा चष्मा घालून बघते, त्यानं दिसतं म्हणे. तोच वापरला तर चालेल का? — कुंभारीच्या घरकुलातून

आईला चाळिशी लागलीय बहुतेक. आपल्या भाषेनं त्या चष्म्याला नावच चाळिशी दिलंय, इतकं ते वयाशी बांधलेलं आहे. डोळ्यातलं भिंग वयानं कडक होत जातं आणि जवळ बघताना त्याला फुगता येत नाही, म्हणून हात लांब जातो. आजार नाही हा. पण जी बाई दिवसभर वीतभर अंतरावर बारीक काम करते तिला तो ऑफिसातल्या माणसाच्या आधी जाणवतो आणि जास्त छळतो. आमच्याकडं विडीवाल्या मावश्या येतात त्यांचा हात बघून मी वय ओळखते.

मावशींचा चष्मा नको. तात्पुरतं अक्षर दिसेल पण दोन डोळ्यांचा नंबर वेगळा असू शकतो, आडवा-उभा नंबर असू शकतो, भिंगांमधलं अंतरही मावशींच्या डोळ्यांच्या मापाचं. डोकेदुखी राहते ती राहतेच. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. चाळिशीनंतर एकदा डोळ्याचं प्रेशर बघायलाच पाहिजे आणि चष्म्याच्या निमित्तानंच आपली माणसं पहिल्यांदा दवाखान्यात येतात. आणलात की तपासणाऱ्यांना सांगा आई विडी वळते, किती अंतरावर पान धरते ते आईला हातानं दाखवायला लावा. वाचायच्या अंतराचा नंबर आणि विडीच्या अंतराचा नंबर यात फरक पडतो. यंत्रमागावर तुटलेला धागा शोधणाऱ्यांचंही तसंच. मी नंबर बघायची ट्रायल फ्रेम घालून त्यांना पिशवीतला दोराच काढायला लावते, छापील तक्ता बाजूला ठेवते. दोरा नीट दिसला की चेहरा खुलतो, मग कळतं नंबर बसला.

मी मूळची नाशिकची, लग्नानंतर सोलापुरात आले आणि डोळ्यांच्या दवाखान्यात लागले. इथं निम्मे पेशंट तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात. कसं जमवता तुम्ही? — साखर पेठ

चार-चार शब्द शीक, बाकी आपोआप येतं. तेलुगूत कन्नु, कन्नडात कण्णु, म्हणजे डोळा दोन्हीकडं जवळजवळ एकच. वर बघा म्हणायला तेलुगूवाल्या पद्मशाली आजींना "पैकि चूडंडी", अक्कलकोटकडच्या कन्नडवाल्या काकांना "मेले नोड्री". खाली बघा, "किंदकि चूडंडी", "केळगे नोड्री". ई-च्या तक्त्याला "याव कडे?", म्हणजे कुठल्या बाजूला, विचारलं की कन्नडवाले पटकन सांगतात, आणि तो कडे तर आपलाच वाटतो. मी ड्रॉप टाकताना त्यांच्या भाषेत वर बघा म्हटलं की पापणी सैल सुटते, हे मी रोज बघते. घाबरलेला माणूस डोळे गच्च मिटतो आणि मग थेंब गालावर. एक कर, नातेवाइकाला दुभाषी म्हणून बसवलंस तर त्यांना तक्त्याकडं पाठ करून बसव, नाहीतर सूनबाई हळूच उत्तर सांगतात.

ज्वारी काढताना धाट डोळ्याला लागलं. मेडिकलमधून लाल डोळ्याचा ड्रॉप आणला, दोन दिवस बरं वाटलं, आता बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय. ड्रॉप चालू ठेवू का? — मंगळवेढा

भाऊ, छापील उत्तराची वाट बघू नका, लगेच दवाखान्यात जा, असा निरोप मी संपादकांकडून आधीच पाठवलाय, पण बाकीच्यांसाठी छापतेय. ज्वारीचं पान, उसाचं पाचट, कडब्याची काडी डोळ्याला लागली की बुबुळावर ओरखडा पडतो आणि त्या जागी बुरशीची जखम धरू शकते. मेडिकलमधल्या पुष्कळ ड्रॉपमध्ये स्टिरॉइड असतं. त्यानं लाली उतरते, दुखणं कमी होतं, आणि आत बुरशी फोफावते. दोन दिवस बरं वाटलं ते त्यामुळं असू शकतं. पांढरा ठिपका म्हणजे त्याच दिवशी डोळ्यांचा दवाखाना, ड्रॉपची बाटली बरोबर घेऊन. डॉक्टर जखमेतून खरवडून काचेवर घेतात आणि कुठला जंतू आहे बघून औषध देतात. उशीर झाला तर जखम भरते पण फूल पडतं, आणि बाहुलीसमोर पडलं तर नजर त्याच्या आड जाते. मंगळवेढ्याची ज्वारी आपण अभिमानानं खातो, काढणाऱ्यांनी साधा झिरो नंबरचा चष्मा घालून काढावी एवढंच माझं मागणं आहे.

आणि टेक्निशियन वाचत असतील त्यांना, ओळखीच्या माणसानं फोनवर विचारलं तरी ड्रॉपचं नाव सांगायचं नाही. बधिर करायचा ड्रॉप तर कुणालाही घरी द्यायचा नाही, कितीही विनवण्या केल्या तरी, त्यानं दुखणं कळत नाही आणि बुबुळ विरघळत जातं.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात नुकतीच रिसेप्शनला लागलेय. सगळेच म्हणतात आम्हाला आधी सोडा. खरंच आधी कुणाला सोडायचं? — विजापूर रोड

चुना, ॲसिड, बॅटरीचं पाणी, काहीही डोळ्यात उडालेलं असेल तर नंबर, केसपेपर, पैसे, सगळं नंतर. आधी नळ. आपल्याकडं घरोघरी चुन्याची डबी असते, लहान पोरं ती दाबतात आणि चुना उडतो डोळ्यात. असं पोर आलं की मी व्हिजनसुद्धा आधी घेत नाही, पापण्या उघड्या धरून सलाइनची बाटली लावते, पापणी उलटून अडकलेले कण कापसाच्या काडीनं काढते आणि तोपर्यंत कुणीतरी डॉक्टरांना बोलावतं. अर्धा तास सलग धुवावं लागतं. फोन आला असेल तर त्यांना म्हण, तिथल्या तिथं साध्या स्वच्छ पाण्यानं धुवायला लागा, मग निघा. दूध, तूप, गुलाबपाणी काही नको. चुना आत घुसत जातो, वाटेत गेलेला वेळ परत मिळत नाही.

बाकी आधी कोण, तर अचानक एका डोळ्यानं दिसायचं बंद झालेला, दुखत नसलं तरी. डोळ्यापुढं विजा चमकतायत आणि काळे ठिपके एकदम वाढलेत म्हणणारा, त्याचा पडदा सुटत असू शकतो. डोकं-डोळा प्रचंड दुखून उलट्या होणारा. आठवड्याभरात ऑपरेशन झालेला आणि आता दुखतंय, कमी दिसतंय म्हणणारा. यातला कुणी गपचूप बाकड्यावर बसलेला असतो आणि मोठ्यानं भांडणारा चष्म्यासाठी आलेला असतो, म्हणून केसपेपर करतानाच विचार, काय होतंय आणि कधीपासून. डोळे आलेल्यांना मात्र वेगळं बसव, आणि त्यांनी हात लावलेलं पेन लगेच पूस.

माझा मुलगा पाच वर्षांचा. शाळेतल्या तपासणीत एका डोळ्यानं कमी दिसतं म्हणाले. दवाखान्यात तीन दिवस मलम घालून चौथ्या दिवशी बोलावलंय. मशीननं नंबर आला होता मग परत मलम कशाला? भीती वाटते. — होटगी रोड

भिऊ नका. लहान मुलाचा डोळा मशीनमध्ये बघताना नकळत जवळचं बघायला जोर लावतो आणि खोटा नंबर येतो. मलमानं तो जोर सुटतो, मग आम्ही अंधारात रेटिनोस्कोपनं, बाहुलीतून येणाऱ्या लाल उजेडाची हालचाल बघून, त्याला काहीही न विचारता खरा नंबर काढतो. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढंच मलम, खालच्या पापणीत, सांगितलं तितक्याच वेळा, आणि घातल्यावर तुमचे हात साबणानं धुवा. ट्यूब मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. चेहरा लाल झाला, तोंड कोरडं पडलं, ताप आला तर मलम थांबवा आणि फोन करा. त्या औषधानं घाम कमी येतो म्हणून या उन्हात दुपारी बाहेर खेळायला पाठवू नका. आठ-पंधरा दिवस त्याला जवळचं धूसर दिसेल, शाळेत बाईंना चिठ्ठी द्या.

एक डोळा कमी बघत असेल तर मेंदू त्याचं ऐकायचं सोडून देतो, आळशी डोळा म्हणतात तो हाच. पाचव्या वर्षी कळलं हे फार चांगलं झालं. चष्मा लागला, चांगल्या डोळ्यावर रोज थोडा वेळ पट्टी लावायला सांगितली, तर तो रडेल, पट्टी ओढून काढेल, तेव्हा त्याला आवडीचं काहीतरी जवळचं काम द्या, मणी ओवणं, चित्र रंगवणं, शेंगा सोलणं. माझ्याकडं एक मुलगी आजीबरोबर शेंगा सोलत पट्टी लावून बसायची, दर वेळी येताना पुडीत मूठभर शेंगदाणे घेऊन यायची दाखवायला.

चौथ्या दिवशी सकाळी लवकर या, तेव्हा मूल ताजं असतं, त्याला खाऊ घालून आणा. तुमच्या दोघांपैकी कुणाला लहानपणापासून चष्मा असेल तर तोही आणा, मला त्याचा नंबर बघायचा असतो. फुटका असला तरी चालेल.